गिरणगाव: भोंग्यावर चालणारी मुंबई

परळ, लालबाग, चिंचपोकळी, काळाचौकी, शिवडी, नायगाव, लोअर परळ, वरळी, प्रभादेवी या मध्य मुंबईतल्या वस्त्यांना मिळून गिरणगाव म्हणतात. सरकारी दप्तरात या नावाचा विभाग नाही. त्याची हद्द आखली ती गिरण्यांच्या चिमण्यांनी आणि त्यांच्याभोवती उठलेल्या चाळींनी.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापून ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी उभारली. ती १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे चीनला सूत जाऊ लागले तशी गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. परळच्या बाजूला मोकळी जमीन होती, तलावांचे पाणी होते आणि दोन रेल्वेमार्ग जवळून जात होते. त्यामुळे बहुतेक गिरण्या तिकडेच गेल्या.

कामगार आला तो मुख्यतः कोकणातून आणि साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या घाटमाथ्यावरून. त्याला कामावर घेणारा जॉबर बहुधा त्याच्याच मुलखातला असे, आणि या उपकाराची वसुलीही तोच करी. कायम नोकरी नसलेला ‘बदली’ रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभा राही. जातीची उतरंड गिरणीच्या आतही होती. विणकर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घेत असल्याने विटाळाच्या नावाखाली दलितांना चांगल्या पगाराच्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, प्रवेश नसे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला.

चाळीतली खोली कुटुंबाची असे तशी गावाचीही. एका गावचे गडी भाडे वाटून घेत आणि पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत. एक उठून कामावर गेला की त्याच्या वळकटीवर दुसरा आडवा होई. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे सरकारने १९२० च्या दशकात बीडीडी चाळी बांधल्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची, नळ आणि संडास सामाईक. एकट्या गड्यांच्या जेवणाची सोय खानावळवाल्या बायकांकडे होती. कामगार चळवळीच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे ठळक दिसतात. पण संप महिनोन्‌महिने टिकले त्यात या बायकांच्या आणि वाण्याच्या उधारीचा वाटा मोठा होता. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी याच खानावळवाल्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा १९२८ मध्ये पुढे आला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे कलापथक, दामोदर नाट्यगृह, भजनी मंडळे, गणेशोत्सव हे सगळे याच गल्ल्यांत रुजले. गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले नारायण सुर्वे मराठी कवितेत आले तेही इथूनच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे बळ इथलेच. १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत शिवसेना जिंकली. गिरणगावाचे राजकारण तिथून पालटले.

डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या बुडाल्याचे खापर सरसकट या संपावर फोडले जाते, ते अर्धेच खरे. जुनी यंत्रे मालकांनी बदलली नव्हती आणि यंत्रमागांचे स्वस्त कापड बाजारात आले होते. शिवाय कापडापेक्षा जमिनीला जास्त भाव येऊ लागला होता.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले: मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकांना. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती ठेवली, त्यामुळे सार्वजनिक वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती मान्य केली. फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल झाला, कमला गिरणीच्या आवारात कार्यालये व उपाहारगृहे आली. इमारती वाढल्या तरी रस्ते आणि पूल जुनेच राहिले. २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण दगावले.

दादरच्या इंदू मिलची जमीन आंबेडकर स्मारकाला मिळाली. गिरणी कामगारांच्या घरांची मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली. अर्जदारांच्या मानाने घरे फार थोडी होती, आणि नंतरच्या सोडतीतली काही तर थेट पनवेलजवळच्या कोनला.