परळची बाटली आणि पावसाळ्यातला फ्लू

पाऊस मुंबईत मुक्कामाला आला की परळ-लालबागच्या दवाखान्यांत एकच तक्रार ऐकू येते : 'डॉक्टर, अंग मोडून आलंय.' महापालिकेच्या पावसाळी आजारांच्या यादीत मलेरिया, डेंग्यू, लेप्टोच्या जोडीला आता 'एच१एन१' फ्लूही असतो. २००९च्या ऑगस्टमध्ये याच विषाणूनं शहराला धडकी भरवली होती. ३ ऑगस्टला पुण्यात देशातला पहिला बळी गेला. पाठोपाठ मुंबईतल्या शाळा आणि चित्रपटगृहं काही दिवस बंद झाली. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयापुढं तपासणीसाठी रांगा लागल्या. आज तोच हंगामी फ्लूच्या विषाणूंपैकी एक आहे.

मुंबईला फ्लूनं खरा तडाखा दिला तो १९१८मध्ये. त्या जूनमध्ये गोदीवर नेमलेले सात पोलीस शिपाई तापानं फणफणून रुग्णालयात दाखल झाले. पुढं हा ताप रेल्वेमार्गांनी देशभर पोचला. शरद ऋतूतली दुसरी लाट भयंकर होती : ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ माणसं गेली. देशभरातल्या मृत्यूंचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत जातात. शहरातल्या युरोपियनांमध्ये हजारी सुमारे ८ मृत्यू झाले, तर तथाकथित खालच्या जातींमध्ये हजारी ६१हून अधिक. पावसानं दगा दिला होता, धान्य महागलं होतं आणि एका खोलीत अख्खं बिऱ्हाड झोपत होतं. आजाऱ्याला वेगळं ठेवणार तरी कुठं?

माणसातला फ्लूचा विषाणू हाती लागला तो १९३३मध्ये. हा विषाणू सतत थोडाथोडा बदलतो, म्हणून गेल्या वर्षीची प्रतिकारशक्ती यंदा पुरेशी ठरेलच असं नाही.

साधी सर्दी हळूहळू येते. फ्लू बहुधा अचानक गाठतो. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी थंडी वाजून अंथरुणाला खिळतो. ताप, कोरडा खोकला, डोकेदुखी, घसादुखी आणि कमालीचा थकवा ही त्याची लक्षणं. मुलांना उलट्या-जुलाबही होतात. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून रोगी संसर्ग पसरवू शकतो. बहुतेक जण आठवड्याभरात बरे होतात, खोकला मात्र रेंगाळतो. धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर पडणं, गुंगी येणं किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणं, यांपैकी काहीही दिसलं तर घरी थांबू नये. ऑसेल्टामिवीर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वाधिक उपयोगी पडतं. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, आणि मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

आता लशीविषयी. लस आणि विषाणू यांचं चांगलं जुळलं तर डॉक्टरकडं जावं लागेल असा फ्लू ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. पण तो गंभीर होण्याची शक्यता घटते. टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळं तिच्यामुळं फ्लू होत नाही. दंड दुखणं, कणकण, अंगदुखी हे एक-दोन दिवसांचे त्रास. तीव्र अ‍ॅलर्जी दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होते.

सर्वांत गाजलेला धोका अमेरिकेतला. १९७६मध्ये तिथं साथीच्या धास्तीनं चार कोटींहून अधिक लोकांना लस टोचली गेली. साथ आलीच नाही. मात्र लस घेतलेल्यांत लाखामागं सुमारे एकाला गियाँ-बारे हा स्नायू लुळे पाडणारा आजार जडला आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबली. नंतरच्या लशींत ही जोखीम आढळली तेव्हा ती दहा लाखांमागं एक-दोन इतकी होती. खुद्द फ्लू झाल्यावर हाच आजार जडण्याची शक्यता त्याहून जास्त असते.

लशीवरच्या संशयाची झळ परळनंही सोसली आहे. प्लेगची लस बनवणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना तिथं बनलेली, पाच बाटल्यांतली प्लेगची लस टोचली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वातानं दगावले. सगळे एकाच, ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतली लस घेतलेले. ठपका परळवर आला, हाफकिन यांचं पद गेलं. मुलकोवालमध्ये बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, ही साक्ष पुढं महत्त्वाची ठरली. १९०७मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह नामवंत शास्त्रज्ञांनी 'द टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहिलं आणि हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला गेला. बाटलीचा क्रमांक नोंदलेला होता म्हणूनच दोष कुठं होता हे शोधता आलं.

वाचकांनीही नोंदीची ही शिस्त पाळावी. पासष्टीपुढचे, गर्भवती, लहान मुलं, दमा, मधुमेह, हृदय वा मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी पावसाळ्याआधी डॉक्टरांशी लशीबद्दल बोलावं. ती प्रभावी व्हायला दोन आठवडे लागतात. पूर्वी लशीची तीव्र अ‍ॅलर्जी किंवा गियाँ-बारे झाला असेल तर आधीच सांगावं. टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसावं, लशीचं नाव व बॅच क्रमांक लिहून घ्यावा. त्रास झालाच तर तो डॉक्टरांकडं नोंदवावा. परळच्या केईएम रुग्णालयात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारं केंद्रही आहे.