गिटारच्या अनुक्रमांकात दडलेला कारखान्याचा पत्ता

जुनी गिटार विकत घेताना ग्राहकाची नजर सर्वप्रथम तिच्यावरील नाममुद्रेकडे जाते. मात्र, नाव एकच असले तरी ती गिटार अमेरिका, मेक्सिको, जपान, दक्षिण कोरिया, इंडोनेशिया किंवा चीन यांपैकी कोठेही घडलेली असू शकते आणि त्यानुसार तिच्या किमतीत मोठा फरक पडतो. नव्या आयात वाद्याच्या खोक्यावर मूळ देशाचा उल्लेख असतो. वापरलेले वाद्य दुसऱ्या-तिसऱ्या हाती जाईपर्यंत ते खोके उरलेले नसते. अशा वेळी ‘अमेरिकी बनावटीची’ हा विक्रेत्याचा दावा तपासण्याचे पहिले साधन म्हणजे गिटारवरील अनुक्रमांक.

मोटारीच्या चॅसी क्रमांकाप्रमाणे सर्व उत्पादकांना लागू होणारी एकच पद्धत गिटारसाठी नाही. प्रत्येक कंपनीची सांकेतिक भाषा वेगळी असून तीही काळानुरूप बदलत गेली आहे. त्यामुळे क्रमांक वाचण्यापूर्वी कंपनी आणि अंदाजे काळ निश्चित करणे आवश्यक ठरते.

सर्वांत सुबोध पद्धत टेलर या अमेरिकी कंपनीची म्हणता येईल. नोव्हेंबर २००९ पासून या कंपनीच्या गिटारींवर दहा अंकी क्रमांक असतो. त्यातील पहिला अंक कारखान्याचा : १ म्हणजे कॅलिफोर्नियातील एल कॅहोन, तर २ म्हणजे सीमेपलीकडील मेक्सिकोतील टेकाटे. दुसरा आणि सातवा अंक मिळून वर्ष, तिसरा-चौथा महिना आणि पाचवा-सहावा दिवस दर्शवतो. समजा, क्रमांक ११०३०५२००१ असेल, तर ती गिटार ५ मार्च २०१२ रोजी एल कॅहोन येथे हाती घेतलेली पहिली गिटार ठरते.

गिब्सन कंपनीने १९७७ मध्ये स्वीकारलेली आठ अंकी पद्धत याहून किचकट आहे. पहिला व पाचवा अंक वर्षाचा, मधले तीन अंक वर्षातील कितवा दिवस हे सांगणारे आणि अखेरचे तीन अंक त्या दिवसाच्या उत्पादनातील क्रमाचे. मिशिगनमधील कॅलमझू आणि टेनेसीतील नॅशव्हिल हे दोन्ही कारखाने सुरू असताना ५०० पेक्षा कमी क्रम कॅलमझूला, तर ५०० पासून पुढचे नॅशव्हिलला दिले जात. म्हणजे ८२२०३००१ आणि ८२२०३५०१ या दोन्ही गिटारी ८ ऑगस्ट १९८३ च्याच; पण त्यांची गावे वेगळी. १९८४ मध्ये कॅलमझूचा कारखाना बंद झाल्यावर हा भेद संपला. त्याआधीच्या काळात, विशेषतः साठच्या दशकात, कंपनीने तेच क्रमांक वेगवेगळ्या वर्षी पुन्हा वापरल्याने केवळ क्रमांकावरून त्या वाद्यांचे वय ठरवणे अशक्यप्राय आहे.

फेंडरच्या बाबतीत एका अक्षराने देश बदलतो. नव्वदच्या दशकात ‘एन’ने सुरू होणारा क्रमांक साधारणपणे अमेरिकी, तर ‘एमएन’ने सुरू होणारा मेक्सिकोतील एन्सेनाडा येथील कारखान्याचा. २०१० पासून ‘यूएस’ आणि ‘एमएक्स’ अशी सरळ अक्षरे आली. मात्र ‘ई’ या अक्षराने अनेकांना चकवले आहे. ऐंशीच्या दशकात ते अमेरिकी गिटारींवर होते आणि त्याच दशकात जपानी गिटारींवरही. तेथे ‘मेड इन जपान’ ही अक्षरेच निर्णायक ठरतात. फेंडरच्याच स्क्वायर या स्वस्त श्रेणीत ‘सीएन’ आणि ‘व्हीएन’ पाहून चीन किंवा व्हिएतनाम आठवणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात नव्वदच्या दशकातील हे दोन्ही संकेत कोरियन कारखान्यांचे आहेत.

आयबानेझ या जपानी नाममुद्रेचा पेच आणखी वेगळा. १९८६ पर्यंत तिच्या जपानी गिटारींवरील पहिले अक्षर महिना दर्शवत असे. ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘एफ’ म्हणजे जून. १९८७ पासून तेच ‘एफ’ फुजिजेन या कारखान्याचे चिन्ह झाले.

याउलट, मार्टिन कंपनीचे क्रमांक १८९८ पासून ओळीने वाढत गेले असून २००४ मध्ये त्यांनी दहा लाखांचा टप्पा गाठला. वर्षनिहाय तक्त्यावरून त्यांचे वय कळते. ठिकाणासाठी मात्र आतील छाप पाहावा लागतो.

क्रमांक बरोबर वाचला तरी तो नेमका कशाचा, हा प्रश्न उरतोच. फेंडरच्या बहुतेक गिटारींची मान स्क्रूने जोडलेली असते आणि १९७६ पासून क्रमांक मानेच्या शेंड्यावर, म्हणजे हेडस्टॉकवर आला. मान बदलली की क्रमांकही बदलतो. अमेरिकी मान आणि अन्य देशातील बॉडी अशी जोडगोळी बाजारात ‘अमेरिकी’ म्हणून सहज खपू शकते. लाकडाचे मूळही क्रमांकातून कळत नाही. अमेरिकेत घडलेल्या कित्येक गिटारींच्या मानेवरील पट्टी दक्षिण भारतातील शिसवीची असते.

बनावट गिटारींवरही क्रमांक असतो. काही वेळा नक्कल करणाऱ्यांना त्याचा अर्थ ठाऊक नसतो; आठ अंकी गिब्सनमध्ये दिवसाच्या जागी ४१२ असा आकडा आला, तर असा दिवस कोणत्याच वर्षात नसतो. अर्थात, विशेष आवृत्त्यांची क्रमांकपद्धत वेगळी असल्याने हीही खूण सरसकट लावता येत नाही. खऱ्या गिटारचा क्रमांक जसाच्या तसा उचलला असेल, तर अंकगणित कामी येत नाही. तेव्हा मान उघडून तिच्या बुडाशी असलेला तारखेचा शिक्का, बॉडीच्या खाचेतील खुणा आणि विजेच्या भागांवरील क्रमांक यांचा मेळ घालावा लागतो. दूरच्या शहरातून गिटार मागवणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी या भागांची छायाचित्रे मागवून घ्यावीत आणि क्रमांकासह ती उत्पादक कंपनीच्या ग्राहक सेवेकडे पाठवावीत.