रात्री दहालाही पंखा गरम हवा का फेकतो?

मे महिन्यात अकोला-अमरावतीत पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पण सूर्य मावळल्यावरही घर का तापलेलं असतं? कारण डोक्यावरचा स्लॅब. काँक्रीट दिवसभर उष्णता साठवतं आणि रात्री घरात सोडतं. थोडक्यात, ही उष्णतेची बॅटरीच!

अशीच बॅटरी गारव्याचीही बनते. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापेल. म्हणून काही मोठ्या इमारतींत मागणी कमी असताना बर्फ बनवून ठेवतात आणि नंतर त्यावर एसी चालवतात. दुपारच्या सौर विजेवर असा बर्फ बनवला, तर संध्याकाळचा विजेचा ताण हलका होईल.

घरी काय कराल? गच्चीला पांढरा चुना लावा. ऊन परतेल, स्लॅब कमी ‘चार्ज’ होईल. त्यावर रोज पाणी मारण्याची गरजही घटेल.