विजेची गाडी आणि गल्लीतले श्वान

बुलढाण्याहून राजूर घाट उतरणारा, किंवा शेगावच्या बोळांतून पहाटे दर्शनास निघालेला इसम विजेच्या दुचाकीवर स्वार असला, म्हणजे यंत्राचा आवाज जवळजवळ नसल्याकारणाने वळणावर निजलेल्या कुत्र्यास त्याची वर्दी अगदी निकट येईपर्यंत मिळत नाही. आणि दचकून उठलेले ते जनावर, पळत्या वस्तूच्या पाठीस लागण्याच्या उपजत प्रवृत्तीस अनुसरून, थेट पोटरीचा रोख धरते. अशा समयी वेग वाढविणे अनर्थकारक. तोल गेला की दंशाहून मोठी दुखापत पदरी पडते. वेग क्रमाने उतरवावा, लाथ झाडू नये, नजर भिडवू नये, आणि तरीही ते न हटल्यास थांबून गाडी मध्ये ठेवावी. गाडी थांबताच पुष्कळ श्वानांचा आवेश असा ओसरतो की, पाठलागाचे प्रयोजन त्यांसच आठवू नये! पिलांजवळची कुत्री मात्र अपवाद. तिच्या हद्दीस वळसा घालावा. प्राणी जन्म नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांन्वये निर्बीजीकरण व लसीकरण झालेले कुत्रे सामान्यतः मूळ जागीच सोडतात, सबब त्या वळणावर त्याची गाठ पुन्हा पडणारच. दात लागलाच, तर हळद-चुना न भरता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी व लसीसाठी त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. रेबीजची लक्षणे प्रकट झाल्यावर वैद्यक हात टेकते.