फुग्याने उघडणारी झडप : धोके किती, काळजी कोणती?

जिना चढताना धाप लागते, आडवे झाले की श्वास कोंडतो. अनेक तरुण स्त्रियांना हा त्रास प्रथम गर्भारपणात जाणवतो आणि ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून दिला जातो. तपासणीत कळते, हृदयाची मायट्रल झडप आकसली आहे. लहानपणी घसा दुखून नंतर आलेल्या सांधेदुखीच्या तापाचा, म्हणजेच र्‍हुमॅटिक फीव्हरचा हा परिणाम. निरोगी झडपेचे तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते. आजार बळावला की ते दीडहूनही कमी होते.

पूर्वी यावर छाती उघडण्यावाचून इलाज नव्हता. १९८२ मध्ये जपानचे डॉ. कान्जी इनोउए यांनी फुग्याचा उपाय प्रथम वापरला. मांडीच्या शिरेतून नळी हृदयात नेतात, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून ती डावीकडे सरकवतात आणि झडपेत फुगा फुगवतात. चिकटलेल्या पाळ्या सुटतात. टाके नाहीत, काही दिवसांत रुग्ण घरी!

क्वचित घडणारे, पण गंभीर

बहुतेकांना गुण येतो. तरी तीन धोके घरच्यांना ठाऊक हवेत. पहिला, पाळी फाटून झडप जोरात गळू लागणे. अशा वेळी तातडीने झडप बदलावी लागू शकते. दुसरा, सुई भलतीकडे जाऊन हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठणे. रक्तदाब झपाट्याने उतरतो. मात्र वेळीच ओळखल्यास ते रक्त सुईने काढता येते. तिसरा, कप्प्यातली गुठळी सुटून मेंदूत जाणे, म्हणजे पक्षाघात.

सहीपूर्वी विचारा

अन्ननलिकेतून केलेल्या इको तपासणीत गुठळी दिसते. ती असल्यास आधी रक्त पातळ करणारी औषधे देऊन फुग्याचा उपाय पुढे ढकलतात. झडपेत चुन्याचे थर फार असतील किंवा ती आधीच बरीच गळत असेल, तर शस्त्रक्रियाच बरी. म्हणून ही तपासणी झाली का, झडप फुग्याला योग्य आहे का आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियेची सोय जवळ आहे का, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी निःसंकोच विचारावे.

घरी आल्यावर धाप वाढली, बोलणे अडखळले, हातपाय लुळे पडले किंवा मांडीला सूज आली, तर सकाळची वाट पाहू नये. डॉक्टरांनी सांगितलेली पेनिसिलीनची इंजेक्शने चुकवू नयेत. झडप काही वर्षांनी पुन्हा आकसू शकते, म्हणून बरे वाटले तरी तपासणी चालूच ठेवावी.

धोक्याच्या भीतीने उपचार टाळणे मात्र शहाणपणाचे नाही. आकसलेली झडप आपोआप उघडत नाही.