चालत्या गाडीचे गणित : शॉकअपचा बोल्ट चार इंच पुढे

दुचाकीची मागची बाजू मऊ लागते की कडक, हे स्प्रिंगइतकेच शॉकअपचा खालचा बोल्ट स्विंगआर्मवर, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर, कुठे बसला आहे यावर ठरते. डॅम्पिंगच्या, म्हणजे स्प्रिंगची उसळी जिरवणाऱ्या, तेलाचे प्रकरण आज यायचे होते; ते एक आठवडा पुढे गेले आहे, कारण बंगळुरूच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न त्याच्या आधी सुटायला हवा. या वाचकाकडे जुनी यामाहा आरएक्स 100 आहे. शहरातल्या गतिरोधकांवर ती मागून आपटते. बोल्टची जागा चार इंच पुढे सरकवून घ्यावी, असे त्याला गॅरेजवाल्याने सुचवले आहे.

स्विंगआर्म ही अडकित्त्यासारखी तरफ आहे: एका टोकाला पिव्होट, दुसऱ्या टोकाला चाक आणि मध्ये शॉकअप. हिशेबासाठी पिव्होटपासून चाकाचा आस 50 सेंटिमीटरवर आणि उभ्या शॉकअपचा बोल्ट 45 सेंटिमीटरवर धरू. गुणोत्तर 0.9. बोल्ट 35 सेंटिमीटरवर आणला की ते 0.7 होते. तरफेत बळही बदलते आणि सरकण्याचे अंतरही, त्यामुळे हे गुणोत्तर दोनदा गुणावे लागते. एक मिलिमीटर दाबायला 2 किलो भार घेणारी स्प्रिंग पहिल्या जागी चाकाला 1.62 किलोची वाटते, दुसऱ्या जागी फक्त 0.98 किलोची. शॉकअपची दांडी 8 सेंटिमीटर आत जात असेल, तर चाकाची उडी 8.9 वरून 11.4 सेंटिमीटरवर जाते. गॅरेजवाल्याचे म्हणणे इथपर्यंत बरोबर आहे. मात्र तीच स्प्रिंग ठेवली तर स्वार बसताच ही वाढीव उडी बरीचशी खर्ची पडते. आधीचा कडकपणा परत हवा असेल तर सुमारे 3.3 किलोची स्प्रिंग लागते, आणि तिला आवरणे जुन्या शॉकअपच्या डॅम्पिंगला झेपत नाही.

बोल्ट पुढे सरकवण्याऐवजी शॉकअप पुढच्या बाजूला तिरपा करण्याचीही रीत आहे. 45 अंशांवर झुकवला की कडकपणा जवळपास निम्मा उरतो. पण चाक वर येऊ लागले की शॉकअपची तरफेवरची पकड वाढत जाते, म्हणून गाडी सुरुवातीला मऊ आणि शेवटी कडक लागते. उभ्या शॉकअपला हे साधत नाही. मोटोक्रॉसवाल्यांनी 1970 च्या दशकात याच गुणासाठी शॉकअप झुकवले. बेल्जियमच्या ल्युसिएन टिल्केन्स यांच्या कल्पनेवर यामाहाने टाकीखाली एकच आडवा शॉकअप बसवला, आणि 1973 मध्ये हाकान अँडरसनने त्या गाडीवर 250 सीसीचे जागतिक विजेतेपद मिळवले. भारतात रॉयल एनफिल्डने 2016 च्या हिमालयनला जोडकाड्यांसह एकच शॉकअप दिला. तिच्या मागच्या चाकाची उडी 180 मिलिमीटर आहे.

बोल्टची जागा बदलण्याचा हा खेळ बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलमध्येही चालतो. तिचे मागचे सस्पेन्शन रबरी पट्ट्याच्या आत असते आणि दोन दांड्यांनी वरच्या पत्र्याच्या बोगद्याला बोल्टने जोडलेले असते. हौशी लोक तिथे नवी भोके पाडतात. त्याबरोबर पुढच्या स्कीवरचा भार आणि पट्ट्याचा ताण दोन्ही बदलतात.

आरएक्सकडे परत येताना चेन विसरता येत नाही. पुढचे स्प्रॉकेट, पिव्होट आणि आस एका रेषेत आले की ती सर्वांत ताठ होते. उडी वाढली की ढील त्या स्थितीतच मोजावी लागते. गाडी स्टँडवर लावून मोजलेली ढील फसवते.

खरा धोका धातूत आहे. आधी बोल्टच्या मागे स्विंगआर्मचे 5 सेंटिमीटर लोंबत होते, आता 15. चाकाखालून तेवढाच धक्का आला तरी बोल्टपाशी नळीला वाकवणारे बळ तिप्पट होते. जोड शॉकअपच्या अनेक गाड्यांत खालचा बोल्ट एका बाजूनेच धरलेला असतो: नळीला वेल्ड केलेला स्टड, त्यावर शॉकअपचा डोळा, मग वॉशर आणि नट. हा स्टड कापून नव्या जागी नुसता चिकटवला, तर वेल्डच्या कडेला, उष्णतेने बदललेल्या पट्टीत, केसाएवढी भेग पडते. रंगाखाली ती दिसत नाही; गंजाची तांबूस रेघ उमटल्यावर कळते. म्हणून नळीला खालून पट्टी, स्टडला बाहेरून दुसरा आधार आणि दोन्ही बाजू एकाच फिक्स्चरवर धरून वेल्डिंग एवढे करावेच लागते. डावा-उजवा स्टड दोन मिलिमीटरने चुकला तरी एक शॉकअप आधी दाबला जातो आणि स्विंगआर्म पिळला जातो. वरच्या बोल्टचा विचार तर पुष्कळदा होतच नाही. त्याच्यावरचे ओझेही खालच्या बोल्टइतकेच वाढते, आणि तो सीटखालच्या पातळ नळीवर असतो.

स्पर्धेपुरत्या, ट्रेलरवरून नेल्या जाणाऱ्या गाडीला हे सारे क्षम्य आहे. रस्त्यावरच्या गाडीला मोटार वाहन कायद्याचे कलम 52 लागू होते: नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितले. बंगळुरूच्या वाचकाची आरएक्स रोज ऑफिसला जाते. तिच्यासाठी मूळ बोल्टवरच बसणारे, तेल न गळणारे नवे शॉकअप आणि नवे बुश पुरेत. गाडी आपटते ती बहुधा गळालेल्या तेलामुळे, आणि त्या तेलाची पाळी पुढल्या आठवड्यात.