मुळांची पांढरी रेघ आणि 'काळी मेंदी'

केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे रंगविलेल्या केसांच्या मुळाशी महिन्याभरात पांढरी रेघ उमटते आणि ती उरलेल्या रंगात मिसळेल असे काही द्या, अशी विनंती रुग्ण करतात.

सुश्रुताचार्यांनी पालित्याची गणना क्षुद्ररोगांत केली असून क्रोध, शोक व श्रम यांनी वाढलेला देहोष्मा आणि पित्त ही कारणे सांगितली आहेत. तदनुसार चिकित्सा करावीच. परंतु पांढरा झालेला केस औषधाने लगेच काळा होत नाही, हेही स्पष्ट सांगावे.

शुद्ध मेंदी केवळ तांबूस रंग देते. काळसर छटेसाठी मेंदी धुतल्यावर नीलिनीच्या पानांच्या चूर्णाचा लेप द्यावा. दोन्ही लेप मुळांपुरतेच लावावेत. टोकांपर्यंत वारंवार लावल्यास टोके गडद होऊन भेद अधिकच दिसतो. नीलिनीचा रंग एक-दोन दिवसांत खुलतो, तोवर दुसरा लेप देऊ नये. ब्लीच केलेल्या बटांवर तो हिरवट उतरू शकतो. आधी एक बट रंगवून पाहावी.

गेल्या वर्षी एक भगिनी पापण्या सुजलेल्या, कपाळावर स्रावी पुरळ अशा अवस्थेत माझ्याकडे आल्या. त्यांनी लावलेल्या 'हर्बल' काळ्या मेंदीच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत पॅरा-फेनिलीनडायअमाइन लिहिलेले होते. पूर्वी अनेकदा लावूनही त्रास न झालेल्यांनाही या द्रव्याची तीव्र अ‍ॅलर्जी उद्भवू शकते.

औषधविक्रेत्या बंधूंनी पाकिटावरील घटक वाचूनच माल ठेवावा. वैद्यांनी प्रत्येक रुग्णास कानामागे लेप लावून ४८ तास थांबण्यास सांगावे.